शिष्यवृत्ती : खेळाची आणि अभ्यासाची

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगाव सत्कारसमारंभ सुरू होतात. एका बाजूच्या खुर्च्यांवर शेकडा नव्वदांच्या वर गुण मिळविणारी मुले बसलेली असतात. दुसऱ्या बाजूस राज्यपातळीवर पदक मिळवून आलेला एखादा धावपटू किंवा कबड्डीपटू असतो. हारतुरे दोघांनाही सारखेच मिळतात. परंतु समारंभ आटोपून मंडळी घराकडे निघाली म्हणजे पालकांत एक कुजबूज हमखास ऐकू येते. "खेळाडूचे काय, त्याला सगळे आयते! प्रवेश मिळतो, वाढीव गुण मिळतात, पुढे नोकरीही मिळते. आमच्या मुलीने वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला, तिला काय?" खेळाडूच्या वडिलांचे म्हणणे याच्या नेमके उलट असते. "पोरगा पहाटे चारला उठून पळतो, पायात धड बूट नाहीत, आणि कॉलेजात विचारतात, हजेरी का भरली नाही? अभ्यासाला दहा योजना, खेळाला एकही नाही!"

दोघेही मनापासून बोलतात आणि दोघांचेही ऐकले की पटते. मग खरे काय? महाविद्यालये शिष्यवृत्ती देताना अभ्यासापेक्षा खेळाला अधिक मान देतात काय? हा प्रश्न आम्ही आज विचारास घेतला आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात त्याला एक निराळे वजन आहे. ते कोणते, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईलच.

प्रथम शब्दाचा उलगडा करून घेऊ. 'वृत्ती' म्हणजे उपजीविका. शिष्याने निर्वेधपणे विद्या संपादन करावी म्हणून त्याच्या पोटापाण्याची जी तजवीज केली जाते, ती शिष्यवृत्ती. बक्षीस ही वस्तू वेगळी. बक्षीस झालेल्या पराक्रमाबद्दल मिळते आणि तेथेच व्यवहार संपतो. शिष्यवृत्ती पुढे व्हावयाच्या कामासाठी असते. हा भेद आम्ही मुद्दाम आरंभी सांगत आहोत, कारण या प्रश्नात जो गोंधळ माजतो तो बहुधा बक्षिसाला शिष्यवृत्ती आणि शिष्यवृत्तीला बक्षीस समजल्यामुळे माजतो.

शिष्यवृत्ती तीन कारणांनी देतात. एक गरज पाहून, दुसरी अभ्यासातील गुणवत्ता पाहून आणि तिसरी एखादे विशेष कसब पाहून. खेळ हा तिसऱ्या प्रकारात मोडतो. 'खेळ की अभ्यास' हा वाद वस्तुतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांमधला आहे. आपल्याकडे बहुतेक पैसा पहिल्या प्रकाराने वाटला जातो, ही गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या ध्यानातून सुटते.

हा वाद मुळात जेथे वाढला तो देश अमेरिका. तेथील विद्यापीठांत फुटबॉल आणि बास्केटबॉल हे खेळ केवळ विरंगुळ्याचे राहिलेले नाहीत. सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात, आणि दूरचित्रवाणीकडून प्रचंड रकमा येतात. तेव्हा चांगला खेळाडू आपल्या विद्यापीठात यावा म्हणून चढाओढ होणे ओघानेच आले. या खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९५६ मध्ये केवळ खेळातील कौशल्यावर, घरची गरज न पाहता, संपूर्ण शिष्यवृत्ती देण्यास मोकळीक दिली. शिकवणीची फी, राहणे, जेवण, पुस्तके आणि वर कपडे धुण्यासाठी म्हणून महिन्याला पंधरा डॉलर, असे तिचे स्वरूप होते. याच्या उलट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ जुन्या विद्यापीठांनी १९५४ मध्येच आपसांत करार करून खेळासाठी शिष्यवृत्ती द्यावयाची नाही असे ठरविले. एकाच देशात एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली, यावरून प्रश्न किती अवघड आहे हे कळून येईल.

अमेरिकेचा पुढचा अनुभव आपणांस अधिक उपयोगी आहे. १९७३ मध्ये तेथे नियम बदलला आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती वर्षावर्षाची झाली. म्हणजे खेळाडूचा खेळ उतरला, गुडघा दुखावला किंवा प्रशिक्षकाची मर्जी गेली, तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती पुन्हा मिळेलच असा भरवसा उरला नाही. विद्यार्थी म्हणून आणलेला मुलगा खेळता येईनासा झाला की विद्यार्थीही राहीना. या नियमावर पुढे चाळीस वर्षे टीका होत राहिली. अखेर २०१५ मध्ये तेथील पाच बड्या गटांतील विद्यापीठांनी, केवळ खेळ खालावला या कारणावरून कोणाची शिष्यवृत्ती काढून घ्यावयाची नाही, असा निर्णय केला. २०२५ पासून तर विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे. असे असूनही, माध्यमिक शाळेत खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम दोघांनाच महाविद्यालयाची क्रीडा-शिष्यवृत्ती मिळते, असे ती संघटनाच सांगते. बाहेरून पाहणाऱ्यास हार दिसतात. रांगेत मागे राहिलेले अठ्ठ्याण्णव दिसत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. येथे पहिली गोष्ट ही की, शिष्यवृत्ती देणारा आपल्याकडे महाविद्यालय नसतोच. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. त्याच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. त्याला जोडलेल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या हिशेबाची वही उघडली, तर प्राध्यापकांचे पगार शासनाकडून, विद्यार्थ्यांची फी बव्हंशी शासनाकडून, आणि स्वतःच्या मर्जीने वाटावयास उरतो तो जिमखाना-शुल्काचा थोडका पैसा. त्यातून संघाचे गणवेश, चेंडू, जाळी आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा प्रवासखर्च भागविता भागविता क्रीडाशिक्षक मेटाकुटीस येतात. अमेरिकेतील वाद आपल्या महाविद्यालयांना जसाच्या तसा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत आपली बादली शोधण्यासारखे आहे.

मग पैसा येतो कोठून? अभ्यासासाठीचा मोठा प्रवाह म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली आणि लवकरच अनुसूचित जमातींनाही लागू झाली. तिच्यात गुणांची स्पर्धा नाही. जात किंवा जमात, घरचे उत्पन्न आणि घेतलेला प्रवेश, एवढेच पाहिले जाते. देशभरात अनुसूचित जमातींचे वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी दरवर्षी तिचा लाभ घेतात. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही अशा आदिवासी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना काढली. भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी तिच्यात मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये आणि आपल्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये ठरविण्यात आले.

खेळासाठीचा प्रवाह यापेक्षा अरुंद आहे, पण त्याची धार मोठी आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत निवडक मुलांचे राहणे, खाणे, शिक्षण आणि सराव यांचा खर्च शासन करते. पुण्याच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी जे क्रीडासंकुल उभारले गेले, तेथे अशी मुले घडतात. केंद्राच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६,२८,००० रुपये खर्च व्हावेत अशी तरतूद करण्यात आली. त्यांतील १,२०,००० रुपये हातखर्चाचे आणि बाकीचे प्रशिक्षण, आहार, निवास यांचे. असे खेळाडू साऱ्या देशात तीन हजारांच्या आतच आहेत.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. एकूण पैसा पाहिला तर पारडे अभ्यासाकडे झुकते. दरडोई पैसा पाहिला तर खेळाकडे. मुलीचा बाप दरडोई आकडा पाहतो, खेळाडूचा बाप एकूण आकडा पाहतो. दोघेही खरे बोलतात ते असे.

परंतु खेळाला मिळणारा मान केवळ रोख रकमेत मोजून भागणार नाही. आपल्याकडे तो मुख्यतः दोन ठिकाणी लपलेला असतो, गुणपत्रिकेत आणि नोकरीत. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूला त्याच्या स्पर्धेच्या पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५ पर्यंत वाढीव गुण मिळू शकतात. प्रवेशाच्या यादीत एकेका गुणाने नावे वरखाली होतात, तेथे याचे मोल केवढे हे सांगावयास नको. दुसरी सवलत नोकरीची. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी शेकडा ५ जागा राखल्या आणि २०१६ मध्ये त्या नियमांत सुधारणा केली. ही रीत तशी जुनीच आहे. रेल्वे, पोलीस आणि बँका यांनी आमच्या कितीतरी कबड्डीपटूंना आणि क्रिकेटपटूंना पोसले; कप्तान अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीस होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मैदान संपल्यावर मेज असे, म्हणून आईबाप मुलाला मैदानावर जाऊ देत.

सवलत आली की तिच्यामागे लबाडीही येते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे गेल्या काही वर्षांत राज्यात उघडकीस आली आहेत. येथे फसगत अभ्यासू मुलांची होते असा समज आहे; पण पहिला बळी खऱ्या खेळाडूचा असतो. पाच जागांतील एक लबाडाने बळकावली म्हणजे ती पहाटे चारला उठणाऱ्याच्याच हातून जाते, आणि वर त्याच्या खऱ्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

विद्यापीठे खेळाडूंच्या मागे का लागतात, याचेही कारण सांगितले पाहिजे. आंतरविद्यापीठ स्पर्धांत सर्वांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठास १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जाऊ लागला. पंजाबातील विद्यापीठांनी तो वारंवार जिंकला. खेळाडूंना फी माफ करून, वसतिगृह आणि खुराक देऊन त्यांनी ही परंपरा उभी केली. करंडकाने विद्यापीठाचे नाव होते, आणि नावाच्या मागे विद्यार्थी व अनुदान येते. यात गैर काहीच नाही. मात्र ज्या खेळाडूच्या बळावर नाव झाले, त्याच्या हाती पदवीच्या वेळी काय उरले, हे त्या करंडकावर कोरलेले नसते.

या प्रश्नाची एक उजळ बाजू आपल्याच महाराष्ट्रात घडून गेली आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात ते सहावे आले; त्या प्रवासास कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले होते. १९५२ च्या हेलसिंकीस जाण्यासाठी मात्र पैशाची वाण पडली. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून, त्यांनी प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले.

ही कथा सांगताना लोक पदकापाशी थांबतात. आम्हांस तिच्यातील प्राचार्यांचे वागणे अधिक बोलके वाटते. घर गहाण टाकणारा मनुष्य अकादमीचा चालक नव्हता, कुस्तीचा ठेकेदारही नव्हता; तो शिक्षक होता. आपल्या विद्यार्थ्यात जे आहे ते वाया जाऊ नये, एवढाच त्याचा हिशेब होता. उद्या तोच विद्यार्थी गणितासाठी केंब्रिजला निघाला असता, तर त्या गृहस्थांनी घर गहाण टाकले नसते असे आम्हांस वाटत नाही. शिष्यवृत्तीचा खरा अर्थ आम्हांस येथे सापडतो. ती खेळाला नसते, अभ्यासालाही नसते. ती शिष्याला असते.

आता नंदुरबारच्या निराळ्या वजनाकडे येऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५. त्यांत शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे. साक्षरता शेकडा ६४ च्या आसपास. सातपुड्यातील धडगाव, मोलगीकडची मुले आश्रमशाळेत शिकतात. दिवाळीनंतर घरची माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळावयास कोणी नसले की मोठ्या मुलीची शाळा सुटते. शिष्यवृत्तीचा हप्ता जून-जुलैऐवजी वर्ष संपता संपता आला, तर तो हाती पडतो तेव्हा विद्यार्थी वर्गात नसतो. येथे खेळ आणि अभ्यास यांचा सामना सुरू होण्यापूर्वीच अर्धे खेळाडू आणि अर्धे अभ्यासू मैदान सोडून गेलेले असतात.

अशा जिल्ह्यात एक समजूत हळूहळू घर करून बसली आहे. 'डोंगरातली पोरं, त्यांच्या रक्तातच धावणे! त्यांना खेळात घाला, नाव काढतील.' हे बोलणारा बहुधा चांगल्या हेतूने बोलतो. त्याच्यासमोर उदाहरणही असते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत ही आदिवासी मुलगी. नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली सराव करून तिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्य मिळविले. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकात मॅरेथॉन धावली. अशा मुलीचा कोणाला अभिमान वाटणार नाही?

परंतु याच भूमीत दुसरे उदाहरणही आहे. साक्री तालुक्यातील सामोडे गावचा राजेंद्र भारूड हा भिल्ल समाजातील मुलगा. बाप जन्मापूर्वीच गेलेला, आई मोहाची दारू विकून पोट भरणारी. अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात तो शिकला, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला, भारतीय प्रशासन सेवेत २०१३ च्या तुकडीत दाखल झाला आणि पुढे याच नंदुरबारचा जिल्हाधिकारी झाला. २०२१ मध्ये देशात प्राणवायूसाठी हाहाकार उडाला असता, अगोदरच उभारलेल्या प्राणवायू प्रकल्पांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. कल्पना करा, लहानपणी कोणी या मुलाचे पाय पाहून 'हा धावेल' असे ठरविले असते आणि त्याचे पुस्तक बाजूस ठेवले असते तर?

सारंगखेड्याची यात्रा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. दत्तजयंतीला तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणते लोक घोड्याचे पाय पाहतात, छाती पाहतात, चाल पाहतात आणि किंमत करतात. घोड्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. मुलाच्या बाबतीत आपण नकळत तसेच करीत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक निवडीच्या वेळी स्वतःस विचारला पाहिजे. जन्मस्थानावरून बुद्धी नाकारणे हा अन्याय आहे, हे आपण मान्य करतो. जन्मस्थानावरून पायांची स्तुती करणे ही त्याच अन्यायाची गोड बाजू आहे, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही.

'रक्तातच धावणे' या बोलण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो अगदी शब्दशः रक्ताचा आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक शेकडा वीस किंवा त्याहून थोडे अधिक असल्याचे जुन्या पाहण्यांत आढळले आहे. आई आणि वडील या दोघांकडून दोष आला तर तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन गंभीर आजार होतो. एकाकडूनच आला तर मनुष्य वाहक असतो आणि सामान्यतः निरोगी राहतो. परंतु कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवापाड श्रम केले, तर क्वचित अशा वाहकासही जीवघेणा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत राइस विद्यापीठाचा एक तरुण फुटबॉलपटू २००६ मध्ये सरावानंतर असाच दगावला. त्यानंतर २०१० पासून तेथील वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत खेळाडूंसाठी ही रक्ततपासणी नियमात आली. वाहक म्हणून कोणाला संघाबाहेर काढावयाचे नसते; पाणी, विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढविलेला सराव एवढी काळजी घ्यावयाची असते. भारतानेही जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, मे महिन्याच्या उन्हात निवड चाचणी घेऊन मुलांना पळविण्यापूर्वी त्यांचे रक्त तपासलेले असावे. ज्याच्या रक्ताची आपण थोरवी गातो त्याच्या रक्ताची एकदा चौकशी तरी करावी!

तर मग क्रीडा-शिष्यवृत्त्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. खेळ हीही विद्या आहे. तिलाही गुरू लागतो, शिस्त लागते, चूक ओळखून सुधारण्याची बुद्धी लागते. शिवाय ज्या मुलाला इंग्रजी व्याकरणाने घाबरवून सोडले आहे, त्याला मैदानावर पहिल्यांदा 'मला काहीतरी येते' असा भरवसा मिळतो आणि त्या भरवशावर तो वर्गातही टिकतो. एकलव्य निवासी शाळांच्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत क्रीडानिपुण मुलांसाठी शेकडा २० जागांची तरतूद झाली, ती योग्यच झाली. प्रश्न द्यावे की न द्यावे हा नाही. कोणत्या अटीवर द्यावे, हा आहे.

यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. ज्या दिवशी खेळाडूचा गुडघा मोडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो महाविद्यालयात राहील काय? राहणार असेल तर ती शिष्यवृत्ती. राहणार नसेल तर ती मजुरी, तिला कितीही सुंदर नाव द्या. हीच कसोटी अभ्यासाच्या बाजूसही लावता येईल. हुशार मुलीला एका परीक्षेत, घरच्या आजारपणामुळे, गुण कमी पडले, तर तिची वृत्ती तुटते की तिला सावरण्यास वेळ मिळतो?

या कसोटीवरून चार गोष्टी निघतात. पहिली, क्रीडा-शिष्यवृत्ती पदवी पूर्ण होईपर्यंतची असावी, हंगामापुरती नसावी. दुसरी, सामन्यांसाठी गैरहजर राहिलेल्या खेळाडूला हजेरीची नुसती माफी देऊन थांबू नये. बुडालेले पाठ पुन्हा शिकविण्याची व्यवस्था हवी. हजेरी माफ झाली म्हणून विषय समजत नाही. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०२४ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जागा ठेवल्या, त्यांतील एक मुलींसाठी; परंतु प्रवेश परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव असलेच पाहिजे ही अट कायम ठेवली. खेळाडूला अभ्यास झेपणार नाही असे मानण्यापेक्षा त्याच्याकडून अभ्यासाची अपेक्षा ठेवणे, यातच त्याचा खरा मान आहे. तिसरी, जिमखाना-शुल्क प्रत्येक विद्यार्थी भरतो, तेव्हा त्यातून संघातील पंधरा जणांखेरीज इतरांनाही, विशेषतः मुलींना, खेळावयास मिळाले पाहिजे. आणि चौथी, शासनाची वृत्ती कोणत्याही कारणाने असो, ती वर्षाच्या आरंभी हाती पडली पाहिजे. उशिरा आलेली शिष्यवृत्ती ही पेरणी उलटून गेल्यावर आलेल्या बियाण्यासारखी असते. दाणे मोजून पुरे भरतात, पण शेत पडीकच राहते.

यांपैकी तीन गोष्टी शासनाने आणि विद्यापीठाने करावयाच्या आहेत, हे खरे. परंतु एक गोष्ट सर्वस्वी आपल्या, म्हणजे गावच्या लोकांच्या हाती आहे. सत्कार करताना धावपटूला 'पुढची स्पर्धा केव्हा?' असे आपण विचारतो. त्याला 'यंदा कोणते विषय घेतलेस?' हेही विचारावे. आणि पहिल्या आलेल्या मुलीला 'तू कोणता खेळ खेळतेस?' असे विचारावे. दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळू लागेल तेव्हा आपला वाद पुष्कळसा मिटलेला असेल.

महाभारतातील एकलव्याची कथा या भागातील भिल्ल बांधव आपल्या पूर्वजाची म्हणून सांगतात, आणि शासनाने आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना त्याचेच नाव दिले आहे. त्या कथेत आपले लक्ष नेहमी तुटलेल्या अंगठ्याकडे जाते. पण त्याआधीचा भाग पाहा. गुरूने नाकारलेला तो मुलगा रानात एकटा, पुतळ्यासमोर, स्वतःच्या चुका स्वतः शोधीत, वर्षानुवर्षे शिकत राहिला. तो धनुर्धर होता तसा विद्यार्थीही होता. त्याचा खेळ आणि त्याचा अभ्यास या दोन वस्तू नव्हत्याच. अंगठा मागणाऱ्याने त्याचे कौशल्य तेवढे पाहिले. त्याच्यातील शिष्य पाहिला नाही. आज कोणी अंगठा मागत नाही. पण एखाद्या मुलाचे पाय घेऊन आपण पुस्तक परत केले, किंवा पुस्तक घेऊन मैदान परत केले, तर गुरुदक्षिणेचा तो जुना हिशेब आपण पुन्हा मांडला असे होईल. नंदुरबारच्या मुलांकडून तो हिशेब पुन्हा वसूल होऊ नये, एवढीच या विवेचनामागील आमची तळमळ आहे.